नवागामच्या भिंतीवरचं हसू

सुरतेला मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला एक फोटो काढला आणि दुसऱ्या खेपेतले बहुतेक दिवस तो निस्तरण्यात गेले. त्यामुळे सुरतेत पाहण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं, तर मला फारसं सांगता येत नाही. किल्ला मी रिक्षातून पाहिला. छातीचा एक्स-रे कुठे लवकर काढून मिळतो, ते मात्र सांगता येईल. या लेखातल्या माणसांची नावं बदलली आहेत, गावांची नाहीत. लिहायची परवानगी मला त्याच अटीवर मिळाली.

त्या वेळी मी पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत आरोग्य संज्ञापन अधिकारी होतो. या पदाचा अर्थ घरी कोणालाच नीट सांगता आला नाही. आई शेजाऱ्यांना सांगे, "औषधांच्या जाहिराती लिहितो, पण औषध विकत नाही." आणि ते बरोबरच होतं. तरुण मुलामुलींना टीबी, तंबाखू, अंगात रक्त कमी असणं असल्या गोष्टी कंटाळा न आणता सांगायच्या, हे आमचं काम. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला खानदेशातून सुरतेत गेलेल्या कुटुंबांतल्या तरुणांसाठी मराठी पोस्टर हवं, म्हणून उन्हाळ्यात मला कॅमेरा देऊन पाठवलं होतं.

सुरतेतल्या नवागाम वस्तीच्या एका गल्लीत मंगल नावाची मुलगी ओट्यावर बसून साड्यांचे धागे कापत होती. सुरतेत साडी कारखान्यातून निघते आणि तिचे लोंबते धागे घरोघरी बायका कापतात. मी विचारलं, "फोटो काढू का?"

"कशाला?"

"तरुणांच्या कार्यक्रमासाठी."

"काढा."

चौकट जमवायला मी मागे सरकत गेलो आणि डावा पाय घोट्यापर्यंत गटारात गेला. मंगल हसली. त्याच क्षणी माझ्याकडून बटण दाबलं गेलं.

पुण्यात तो फोटो समितीपुढे ठेवला. सात जणांची समिती, त्यात दोन डॉक्टर. "काय निरोगी हसू आहे," असं सगळे म्हणाले आणि तो एकमताने मंजूर झाला. खाली ओळ माझी होती: "मला टीबी झाला होता. औषध पूर्ण घेतलं. आता मी बरी आहे." या दोन गोष्टी शेजारी शेजारी छापल्यावर काय होईल, हे सातांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच. मी ओळीतल्या पूर्णविरामांवर खूश होतो.

सोमवार, सुरत

डिसेंबरात पोस्टरांचे दोन गठ्ठे घेऊन उतरलो. स्टेशनवर वाणी सर आले होते. मूळचे अमळनेरकडचे, सुरतेत मराठी शाळेत शिक्षक, आणि माजी विद्यार्थ्यांना रविवारी शाळेत गोळा करून वाचनालय चालवणारे. मी त्यांच्याकडेच उतरणार होतो. रिक्षात त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं पोस्टर ओढून पाहिलं.

"अरे, ही आपली मंगल. माझी विद्यार्थिनी. गणितात चांगली होती."

त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते रिक्षावाल्यालाही दाखवलं. चित्राखालचा मजकूर काय आहे, असं त्याने विचारलं. सरांनी गुजरातीत सांगितला. रिक्षावाला म्हणाला, "सारी थई गई ने?" बरी झाली ना, असं तो विचारत होता. "थई गई," सर म्हणाले. मला यात काहीच खटकलं नाही.

घरी वहिनींनी लोचो पुढे केला. खमण नीट न जमता विस्कटलं तर जसं दिसेल तसा हा पदार्थ दिसतो. वर तेल, शेव, कांदा. पुण्यात बिघडलेल्या पदार्थावर आम्ही चर्चा करतो. सुरतेत त्यावर शेव घालतात आणि लोक त्यासाठी रांग लावतात. "घ्या ने भाऊ, गरम छे," असं म्हणत वहिनींनी मला तीनदा वाढलं. त्यांचं माहेर चोपड्याचं. सुरतेत वीस वर्षं काढल्यावर त्यांच्या मराठीला गुजरातीचं शेपूट फुटलं होतं. संध्याकाळी तापीकाठी पोंक खाल्ला. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण आपल्याकडे त्यासाठी कोणाच्या तरी शेतावर ओळख काढून जावं लागतं, शेकोटीभोवती बसावं लागतं आणि यजमानाचं कौतुक करावं लागतं. इथे तो गाडीवर कागदात मिळतो, लिंबू पिळून.

"ही तापी आमच्याकडून येते," सर म्हणाले. "आधी ती इकडे आली, मग आम्ही आलो."

मंगळवार, नवागाम

मैद्याची खळ शिजवून पोस्टरं चिकटवली. सुरतेतल्या प्लेगला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आरोग्याचं काही घेऊन माणूस आला की लोक आधी दार अर्धं लावत आणि मग बोलत. सर बरोबर होते म्हणून दारं उघडी राहिली.

मंगलच्या गल्लीच्या तोंडाशी एक चांगली रुंद भिंत होती. तिथे एक लावलं. मंगल हातात कात्री घेऊनच पाहायला आली. तिने नीट वाचलं.

"फोटो चांगला आलाय. पण मला टीबी कधी झाला?"

मी तिला समजावलं की हे प्रातिनिधिक आहे. चित्रातली व्यक्ती म्हणजे ती व्यक्ती नव्हे, ती सगळ्या तरुणांच्या वतीने बोलते.

"बरं," मंगल म्हणाली आणि घरी गेली. मी ते संमती म्हणून धरलं. आता आठवलं की कळतं, आपण शिकलेल्या माणसाशी वाद घालत नाही, तसलं ते "बरं" होतं.

दुपारी तिच्या घरी जेवलो. आई वैजाबाईंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. असं भरीत मला पुण्यात कधी मिळालं नाही. वडील भिकनभाऊ तीस वर्षं लूमवर होते, त्यामुळे कानाने अधू. ते स्वतः मोठ्याने बोलत आणि दुसऱ्याचं बोलणं ओठांवरून ओळखत. लूमच्या खडखडाटात कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. भिकनभाऊ घरातही तसेच बोलत आणि मंगल त्यांना हातांनीच उत्तर द्यायची. मंगलचं लग्न जमत आलं आहे, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मुलाशी, हे मला त्याच जेवणात कळलं. मी अभिनंदन केलं आणि आणखी एक भाकरी घेतली.

बुधवार, सचिन

सचिनच्या कारखान्यांच्या वस्तीत पोस्टरं लावली. कारखान्यांतून सुटलेले तरुण जिथे चहाला थांबतात ती टपरी मी हेरली आणि तिच्या शेजारच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक पोस्टर चिकटवलं. जागा मी स्वतः निवडली, हे इथे कबूल करतो. टपरीसमोरचं घर मंगलच्या होणाऱ्या सासऱ्यांचं होतं.

गुरुवार

सकाळी सरांच्या दारात वैजाबाई उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"भाऊ, मनी आंडेरले कधी खोकला बी व्हयना नही," त्या म्हणाल्या. "तुम्हीन तिले टीबी लाई दिधा."

आंडेर म्हणजे मुलगी, एवढी अहिराणी मला येत होती. बाकीचं सरांनी सांगितलं. मुलाकडून निरोप आला होता: मुलगी आजारी होती हे आमच्यापासून लपवलंत, आता पुढचं बोलणं नको. सर पुढे सांगू लागले. प्लेगच्या वेळी ही माणसं जीव मुठीत धरून गावी गेली, तर भिकनभाऊंच्या सख्ख्या भावाने त्यांना घरात घेतलं नव्हतं. चार दिवस गोठ्यात ठेवलं होतं. घरातला एखादा माणूस आजारी होता एवढं नुसतं कोणी म्हटलं, तरी काय होतं हे त्यांना माहीत होतं.

मला माझी लाज वाटली. सर तर खाली बसले. "मीसुद्धा वाचलं होतं," ते म्हणाले. "रिक्षात."

शुक्रवार, पुन्हा सचिन

भिकनभाऊ, सर आणि मी मुलाच्या वडिलांकडे गेलो. उखाभाऊ त्यांचं नाव. तेही जुने लूम कारागीर. मी संस्थेच्या कागदावर, शिक्का मारून, एक पत्र नेलं होतं: चित्रातील व्यक्तीस सदर आजार कधीही झालेला नाही. उखाभाऊंनी ते वाचलं आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"मग तिकडे खोटं लिहिलंय?"

"फोटो तिचा आहे. मजकूर तिचा नाही."

"मग कोणाचा?"

"तसा कोणाचाच नाही. म्हणजे, औषध पूर्ण घेऊन बरे झालेले पुष्कळ असतात."

"एक दाखवा."

मला एकही दाखवता आला नाही. नावं गुप्त ठेवायची असतात, हे आमच्या नियमात होतं, ते मी सांगितलं. उखाभाऊ म्हणाले, "बरे झालेले दाखवत नाही, आणि झालाच नाही तिला दाखवता. असं कसं काम तुमचं?" मी या क्षेत्रात सहा वर्षं होतो. इतका नेमका प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता.

मुलगा, गोकुळ, पाण्याचे पेले घेऊन दारात आला होता. तो तसाच थांबला होता. "एक दाखवा" ऐकलं आणि पेले घेऊन पुन्हा आत गेला.

मी आणखी अर्धा तास बोललो. मग भिकनभाऊंनी कप खाली ठेवला आणि हातांनी बोलायला सुरुवात केली. स्वतःच्या छातीवर बोट, मग तळहात आडवा हलवला. मग भिंतीकडे बोट. मग माझ्याकडे बोट आणि आपल्या कपाळावर दोन टिचक्या. उखाभाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली. एवढ्याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"ठीक आहे," उखाभाऊ म्हणाले. "पण पोरीचा एक्स-रे दाखवा."

संध्याकाळी नवागामात हा निरोप दिला तेव्हा मंगल साडीवर वाकलेली होती. तिने मान वर केली नाही.

"काढते. पण त्याचापण काढा, सर. लग्न काय माझं एकटीचं आहे?"

वैजाबाईंनी कपाळाला हात लावला. वाणी सरांनी मात्र निरोप शब्द न बदलता सचिनला पोचवला.

शनिवार

सकाळी मंगल आणि वैजाबाईंना एक्स-रेला घेऊन गेलो. फोटो स्वच्छ निघाला. तो काळा कागद मंगलने खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाली, "ह्याच्यात हसू नाही दिसत."

दुपारी शाळेत मी रविवारच्या टीबीवरच्या कार्यक्रमाचे तक्ते लावण्याची जागा ठरवत होतो, तेव्हा गोकुळ मला शोधत आला. बावीस-तेवीस वर्षांचा, शांत मुलगा, वडिलांसारखाच लूमवर. बाकावर बसला.

"माझा काढला तर डाग दिसेल," तो म्हणाला.

त्याच्या औषधाचा चौथा महिना चालू होता. घरात कोणाला माहीत नव्हतं. सचिनमध्ये कोणी पाहील म्हणून तो थेट कामरेजला जाऊन गोळ्या आणायचा आणि घरी मित्राकडे जातो असं सांगायचा.

"तुमचं पोस्टर बघितलं तेव्हा बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं हिला झाला होता, ही बरी झाली. हिला सांगता येईल. मग तुम्ही घरी येऊन बोलले की हिला झालाच नाही."

तो तक्रार करत नव्हता, नुसतं झालं ते सांगत होता. मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी पोस्टरं लिहीत होतो तो माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि माझ्याच बोलण्याने त्याचा धीर गेला होता. मला फार वाईट वाटलं.

"आता गोळ्या घेऊन काय फायदा?" त्याने विचारलं. "डाग तर दिसणारच."

डाग मागे राहू शकतो, आजार जातो. पण औषध मधेच सोडलं तर तो पुन्हा येतो आणि मग हट्टाला पेटतो, हे मी त्याला सांगितलं. तक्त्याविना सांगितलं. त्याने ऐकलं.

"मग तुम्हीच सांगा तिला."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "आणि लपवायला मदतही करणार नाही. लग्नाच्या आधी तिला कळायलाच हवं. सांगायचं तू."

"तिला एकटीला कोण भेटू देईल?"

"उद्या कार्यक्रमाला ये," एवढंच म्हणालो.

रविवार, मराठी शाळा

हॉल भरला. उजवीकडे मुलगे, डावीकडे मुली. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता आणि तो चालू होता. माईकमधून माझा आवाज कमी आणि लूमचा जास्त येत होता. मी एकेक तक्ता उलटत खोकला, थुंकी, तपासणी असा पुढे चाललो होतो.

मधेच लक्षात आलं की शेवटच्या रांगेत गोकुळ माझ्याकडे पाहतच नाही. त्याचे हात चालले होते. छातीशी, तोंडाशी, मग बोटं मोजत. मला राग आला. मी माईकवर म्हटलंसुद्धा, "मागे काय चाललंय?" मग मुलींच्या बाजूला भिंतीला टेकलेली मंगल दिसली. तिचेही हात चालले होते.

बाकीचे मुलगे माझ्याकडे तोंड करून बसले होते आणि बाकीच्या मुलींना ती भाषा येत नव्हती. मंगल ती वडिलांशी बोलता बोलता शिकली होती.

तक्ते संपत आले होते. मी पहिला तक्ता पुन्हा काढला. त्या दिवशी मी टीबीवर ठरल्यापेक्षा वीस मिनिटं जास्त बोललो, त्यात नवीन एकही मुद्दा नव्हता. श्रोत्यांनी ते सोसलं. एकदा मंगलचे हात थांबले; तेव्हा मी काय बोलत होतो ते मला आठवत नाही. मग तिने दोन बोटं वर केली, पुन्हा विचारल्यासारखी. गोकुळने मान हलवली. मी भाषण संपवलं.

सोमवार, नवागाम

परतीच्या दिवशी सकाळी बादली आणि पत्रा घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी पोस्टर खरवडायला गेलो. एक कोपरा निघाला तेवढ्यात मंगल आली.

"राहू द्या."

"लोकांचा गैरसमज होतोय."

"होऊ द्या. मला झाला होता असंच सगळ्यांना वाटतंय ना? मग उद्या त्याच्या गोळ्या कोणी बघितल्या तरी माझ्याच समजतील."

त्याने सगळं सांगितलं होतं आणि तिने अटी घातल्या होत्या. उरलेले दोन महिने एक गोळी चुकवायची नाही. लग्न आखाजीनंतरच, म्हणजे अक्षय तृतीया झाल्यावर. आणि रिकामी पाकिटं दर रविवारी सरांच्या वाचनालयात, गणिताच्या एका जुन्या पुस्तकात आणून ठेवायची. ती मोजून घेणार. उखाभाऊंकडे तिचा एक्स-रे गेला होता आणि त्याचा आता नको, असं तिने वडिलांना सांगून टाकलं होतं. औषध पूर्ण करून घ्यायची इतकी पक्की व्यवस्था आमच्या संस्थेच्या अर्जातही नव्हती.

"पण तुला याचा त्रास होईल," मी म्हटलं.

"झालाच की. आता बरी आहे, असं तुम्हीच लिहिलंय."

मी निघालेला कोपरा खळ लावून पुन्हा चिकटवला. तिने तो अंगठ्याने दाबून सरळ केला.

पुण्याला आल्यावर मी अहवाल लिहिला. पोस्टर प्रभावी ठरलं, असं त्यात म्हटलं. कसं ते लिहिलं नाही. वाणी सरांचं मार्चमध्ये पत्र आलं. सचिनचा एक मुलगा दर रविवारी एवढ्या लांबून येऊन गणिताचं पुस्तक चाळत होता, असे तरुण पाहिले की समाधान वाटतं, असं त्यांनी लिहिलं होतं.

आखाजी होऊन गेल्यावर मंगलचं पाकीट आलं. आत दोघांचा स्टुडिओत काढलेला फोटो, मागे रंगवलेला बगीचा, दोघंही ताठ. तिने लिहिलं होतं: "आता हा छापा. आमच्यातल्या एकाला टीबी होता, औषध पूर्ण केलं, असं लिहा. कोणाला ते लिहू नका. या वेळी गटार नव्हतं म्हणून हसू आलं नाही, चालवून घ्या."

फोटो समितीपुढे ठेवला. या वेळी मी दोघांची लेखी संमती जोडली होती. एका सदस्याने विचारलं, "यातला पेशंट कोण?" मी माहीत नाही म्हटलं. दुसरे म्हणाले, मुलगीच असणार, चेहऱ्यावरून कळतं. ते डॉक्टर होते. बाकीच्यांना पटलं आणि फोटो मंजूर झाला.

मंगलच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी मी समितीत वाचून दाखवल्या नव्हत्या. लग्नानंतर गोकुळने वडिलांना आपण होऊन सगळं सांगितलं. उखाभाऊ दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता सुनेला म्हणाले, "पुण्यावाला भाऊले सांग, एक सापडना." सापडना म्हणजे सापडला, एवढी अहिराणी आता मला येते.